हायस्कूलची वाट

वेल्ह्यात हायस्कूल पहाटेच सुरू होतं, मुक्कामी एसटी गावातून हलते तेव्हा. वाडीवरची झेडपीची शाळा बहुधा चौथी-पाचवीला संपते. पुढे शिकायचं तर तोरण्या-राजगडाच्या सोंडा उतरून खाली यायचं. भोरकडे हिरडस मावळातही तेच. शिवाय भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्याने वाटांना घातलेले वळसे. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. माझ्या लेखी इथल्या शिक्षणातला तो सर्वांत मोलाचा कागद. त्याच्या जोरावर मुलगी रोज उंबरा ओलांडते, आणि घरी कोणाला ते खटकत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं नि वर्ग मोबाइलवर आला. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. नववी-दहावीची पोरं रेंज शोधत टेकाडावर चढायची. घरात स्मार्टफोन एकच, तोही बाबांच्या खिशात. बाबा खेड-शिवापूरला कंपनीत. सरांनी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला स्वाध्याय रात्री जेवणं उरकल्यावर उघडायचा. दिवसभर गुरं, भातलावणी. शाळेत असताना मुलीला कोणी कामाला हाक मारत नाही. मोबाइलवरची शाळा मात्र चुलीपाशीच भरायची.

तरी एक गुण मानलाच पाहिजे. व्हिडिओ मागे नेता येतो. वर्गात ‘सर, परत सांगा’ म्हणायला लाजणारी मुलगी त्रिकोणमितीचं एकच उदाहरण चारदा पाहू शकते. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असलेल्या शाळेत तर हा मोठाच आधार.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीच्या गुणांना ५० टक्के वजन देऊन, उरलेलं दहावीच्या शाळेतल्या कामावर ठरवून राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. गणित किती जणांना उमगलं, ते त्या आकड्यात शोधू नये.

खरी परीक्षा पुढेच होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले आणि महिन्याभरातच एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत रेंगाळला. फळा होता, सर होते, घंटा वाजत होती. वरच्या वाड्यांसाठी गाडी नव्हती. रेंज नसली की मोबाइलची शाळा बंद, एसटी नसली की विटांची.

म्हणून टॅब वाटण्याआधी मला दोन गोष्टी हव्यात: लांबच्या मुलींसाठी वसतिगृह, आणि शाळा सुटण्याची वेळ विचारून लावलेलं एसटीचं वेळापत्रक. पावसाळ्यात साडेपाचची गाडी चुकली, तर घाटाच्या तोंडाशी अंधार पडलेला असतो.