ओसाका : दोन दिवसांचा बेत

ओसाका शहरीं दोनच दिवस काढावयाचे असतील, तर किल्ल्यावर एक सकाळ पुरे. त्याचा मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा आहे; भोंवतालचे प्रचंड दगडी तट मात्र सतराव्या शतकांतले. उरलेला वेळ जिव्हेस द्यावा. तोकुगावा राजवटींत देशभरचा तांदूळ येथील वखारींत येई; १७३० सालीं दोजिमाच्या बाजारांतील वायद्यांस सरकारी मान्यता मिळाली. 'देशाचें स्वयंपाकघर' हें बिरुद उगीच नव्हे.

होक्काइदोकडील गलबतें कोंबू नांवाचें समुद्रशेवाळ येथें आणीत. त्याच्या अर्कांत सुकविलेल्या बोनितो माशाचा कीस घालून दाशी नांवाचें पाणी सिद्ध होतें, आणि शाकाहारी प्रवाशाची खरी अडचण तेथेंच आहे. ताकोयाकींतील अष्टपाद दांताखालीं तरी कळतो. उदोन शेवयांच्या नितळ रशांतला मासा दिसत नाहीं. ओकोनोमियाकीच्या पिठांतहि बहुधा दाशीच असते. "मांस नको" एवढ्यानें भागत नाहीं. दाशी कशाची, हें विचारलेंच पाहिजे.

व्रत कडक असल्यास रात्रीचा मुक्काम कोया पर्वतावरील बौद्ध मठांत आधींच ठरवावा. नाम्बा स्थानकाहून हा प्रवास सुमारें दोन तासांचा. तेथील शोजिन भोजनांत दाशी कोंबू व अळंब्यांची असते.