फर्स्ट कॉपी क्रोनोग्राफची काच, घरच्या घरी

फर्स्ट कॉपी क्रोनोग्राफची काच फुटली म्हणून तो जयसिंगपूर किंवा कोल्हापुरातल्या घड्याळजीपुढे ठेवला, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "याची काच येत नाही, नवीनच घ्या." काच येते. घड्याळजीला परवडत नाही तो वेळ. दोन बटणं, तीन छोट्या डायली, आतलं मशीन सुटं करून पुन्हा बसवायचं, आणि एवढं करून मजुरी सांगितली तर गिऱ्हाईक म्हणणार, "एवढ्यात दुसरं घड्याळ येतं." त्याचंही बरोबर, याचंही बरोबर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नकली मालाला हातच लावत नाही. राहता राहिलो आपण. हात बसवायला मात्र याहून चांगलं घड्याळ नाही. बिघडलं तरी जीव हळहळत नाही, आणि घरातल्या जुन्या एचएमटीला हात लावण्याआधी व्हायच्या त्या चुका इथेच होऊन जातात.

एक गोष्ट आधीच. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 103 आणि 104 प्रमाणे खोटं ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. तेव्हा काच बदलून चकचकीत झालेलं घड्याळ "ओरिजिनल आहे" म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये. नवी काच घेतानाही साधी, कोरी घ्यावी. कंपनीची बारीक खूण कोरलेल्या काचाही बाजारात फिरतात; त्या बसवून घड्याळ जास्त वेळ जगत नाही.

काच बदलण्याआधी ती खरंच बदलायची आहे का, ते बघायचं. मनगटावरच्या घड्याळाचा मळ म्हणजे घाम, तेलकटपणा आणि धूळ यांचा थर. तो काचेच्या कडेला, बेझलच्या म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या खाचेत बसतो आणि काच धुरकट दिसते. पट्टा काढा, काटे लावायची चावी आत घट्ट दाबलेली आहे याची खात्री करा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून झटकलेल्या मऊ ब्रशने कडा घासा. घड्याळ पाण्यात बुडवायचं नाही. केसवर 30 एटीएम कोरलेलं असलं तरी ते कोरणाऱ्याने कुठल्या टाकीत तपासलं होतं?

मळ निघाल्यावर उरतात ते चरे. त्यांचं काय करायचं हे काच कशाची आहे त्यावर ठरतं. ॲक्रिलिक नखाने वाजवलं तर बोदा आवाज येतो आणि ते हाताला गार लागत नाही. मिनरल काच म्हणजे कडक केलेली साधी काच. तिसरी सफायर, म्हणजे कृत्रिम नीलम. ऑग्यूस्त व्हेर्नय या फ्रेंच माणसाने असं रत्न भट्टीत तयार करायची रीत 1902 साली जगापुढे मांडली. मोजच्या कठीणपणाच्या मापावर ॲक्रिलिक साधारण 3, मिनरल काच 5 ते 6, सफायर 9. आणि आपल्या वाळूतला क्वार्ट्झ 7. सगळी गोम या सातात आहे. बांधकामावरची, रस्त्यावरची रेती मिनरल काचेला ओरबाडते आणि सफायरला काही करू शकत नाही. फर्स्ट कॉपी विकणारा छातीठोकपणे "सफायर" म्हणतो, पण दोन वर्षांत काच चऱ्यांनी भरली असेल तर ती मिनरल होती. पाण्याचा थेंब टाकून बघायची पद्धत आहे: सफायरवर थेंब गोल राहतो, मिनरलवर पसरतो. काचेवर लेप असेल तर ही पद्धत फसवते, म्हणून तिच्यावर पूर्ण विसंबू नये.

ॲक्रिलिकला नावं ठेवायचं कारण नाही. 1969 साली चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरची काच ॲक्रिलिकचीच होती, कारण ती फुटली तरी ठिकऱ्या उडत नाहीत. एचएमटीच्या चावीवाल्या जनता, पायलटवरही तीच. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत सुरू झालेल्या आणि 2016 साली बंद करायचं ठरलेल्या त्या कारखान्याची घड्याळं अजून मनगटांवर दिसतात, त्यात ॲक्रिलिक घरी चकाकवता येतं हेही एक कारण आहे. बेझलला टेप लावायची, पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) सुती कापडावर घेऊन गोल गोल घासायची. चरा नखाला लागत असेल तर आधी 1500 आणि मग 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. मिनरलवर टूथपेस्ट चालत नाही. सिरियम ऑक्साइडने फिकट चरे जातात, पण तेवढ्या कष्टात नवी काच बसते. सफायर घरी घासायचा विचारच सोडा.

आता काच बदलायचीच असेल, तर मुहूर्त बघावा लागतो. हे मी गमतीने म्हणत नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा नद्यांच्या आमच्या शिरोळ तालुक्यात आषाढ-श्रावणात हवा ओली असते. त्या हवेत झाकण बंद केलं की ती ओल आत कोंडली जाते, आणि थंडीत काचेच्या आतून धुकं धरतं. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तर उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. धुराड्यांची काळी राख वाऱ्याबरोबर घराघरात येते. सकाळी ओट्यावर हात फिरवला की बोट काळं. त्यातला एक कण काचेखाली गेला की पांढऱ्या डायलवर तो आयुष्यभर दिसत राहतो. शिरोळमध्ये हे काम करायला बरे महिने म्हणजे हंगाम संपल्यावरचे, एप्रिल आणि मे. तेही सकाळी लवकर, फरशी ओल्या फडक्याने पुसून, खिडकी आणि पंखा बंद करून. ऊन चढलं की कपाळावरचा घाम थेट डायलवर पडतो.

काच आधीच फुटली असेल तर घाई करायची ती एकाच गोष्टीची: चावी बाहेर ओढून काटे थांबवा. चालू काटा काचेचे तुकडे झाडूसारखे ओढत नेतो आणि डायलवर गोल रेघ उमटते. मग घड्याळ पालथं धरून हळूच टिचक्या मारा. मोठे तुकडे खाली पडतात.

मागचं झाकण दोन प्रकारचं असतं. कडेला खाचा असतील तर ते आट्याचं, तीन टोकांच्या पान्याने फिरवून निघतं. कडेला एकच बारीक फट असेल तर दाबून बसवलेलं. तिथे बोथट पातं घालून उचकटायचं. झाकणाखालची रबरी रिंग काढून वेगळी ठेवा. मग आतलं मशीन बघा. घड्याळाचं खरं रूप इथे कळतं. बाहेर स्विस नाव आणि आत मियोताचं जपानी क्वार्ट्झ, असं पुष्कळदा निघतं. ते चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नको. थोडी महाग नक्कल असेल तर व्हालजू 7750 या स्विस मशीनची चिनी प्रतिकृती किंवा सीगलचं चावीवालं मशीन सापडतं. आणि काहींत बटणं नुसती शोभेची, छोट्या डायलींवर वार आणि तारीख.

मशीन बाहेर काढायचं तर आधी चावीची दांडी सुटली पाहिजे. दांडी जिथे आत शिरते तिथे एका पट्टीवर बारीक खळगी किंवा बाण असतो. ती चिमट्याच्या टोकाने अलगद दाबायची आणि त्याच वेळी चावी ओढायची. चावी कोणत्या घरात असताना दाबायचं हे मशीनवर अवलंबून आहे. मशीनवरचा क्रमांक भिंगाने वाचा, मियोता आणि सेइको त्यांची माहितीपत्रकं फुकट देतात. जोराने दाबलं तर आतली पट्टी जागेवरून सरकते आणि मग काटे, डायल सगळं उतरवावं लागतं. बटणं बहुधा मशीनला जोडलेली नसतात, बाहेरून फक्त ढकलतात, त्यामुळे ती केसमध्येच राहू देता येतात. मशीनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं कोणत्या बाजूने बसलं होतं त्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. बाहेर आलेलं मशीन डायल वर करून वाटीखाली झाका. वाटी काचेची असेल तर बरं, काय झाकलंय ते दिसतं.

रिकाम्या केसमधली काच आतून अंगठ्याने दाबायची. केस खालून कडेवर टेकलेली हवी, मध्ये पोकळी हवी आणि अंगठ्यावर जाड कापड हवं. काच रिंगमध्ये बसवलेली असेल तर टक्कन निघते. निघत नसेल तर ती चिकटवलेली आहे. हेअर ड्रायरने केस तापवा. रंग, रबर किंवा प्लॅस्टिक नसलेली नुसती स्टीलची केस असेल तर ॲसिटोनमध्येही ठेवता येते. काही घड्याळांत काच बेझलखाली दाबलेली असते, तिथे आधी बेझल काढावं लागतं.

मापाला व्हर्निअर कॅलिपर लागतो. आपल्याकडे तो कुणाला मागायचा हा प्रश्नच नाही. यड्रावच्या पार्वती औद्योगिक वसाहतीत किंवा इचलकरंजीत कामाला जाणारा एक तरी ओळखीचा असतो. जुनी काच दोन-तीन बाजूंनी मोजा, जाडीही मोजा. काच फुटून गेली असेल तर केसचा खाचा मोजा आणि त्यातून रिंगच्या भिंतीची जाडी दोनदा वजा करा. खाचा 31.5 मिलिमीटर, रिंगची भिंत 0.4, तर काच 30.7. घड्याळाच्या काचा 0.1 मिलिमीटरच्या फरकाने मिळतात, आणि तो एक दशांश फार मोठा असतो. मोठी काच दाबताना कडेला टवका उडतो, लहान काच पहिल्याच घामाला आत पाणी घेते. जाडीत क्रोनोग्राफचा वेगळा घोळ आहे. मध्यभागी तास आणि मिनिटाच्या काट्यांच्या वर क्रोनोचा सेकंदकाटा, म्हणजे साध्या घड्याळाहून काट्यांची चळत बऱ्याचदा उंच. जाड काच घेऊन तिची खालची बाजू आत जास्त उतरली तर तोच काटा घासतो. जुन्या काचेइतकीच जाडी घ्यावी.

केस आता एकटी आहे, तेव्हा तिची अंघोळ उरकून घ्या: कोमट साबणाचं पाणी, टूथब्रश, आणि खाचेतल्या गोंदासाठी लाकडी टूथपिक. पूर्ण वाळू द्या. नव्या मिनरल काचेला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ॲक्रिलिकला नाही, त्यात बारीक तडे जातात. डायलला काहीच लावायचं नाही, छपाई उठते. डायलवरची धूळ रबरी फुग्याने उडवायची. तोंडाने फुंकर मारायची सवय हाताला नव्हे, तोंडाला असते आणि ती सुटत नाही; रुमाल बांधा. कण दिसला तर घड्याळजींची हिरवी चिकट पुट्टी येते, तिचं टोक काढून नुसतं टेकवायचं.

रिंग नवीन घ्यावी. कुकरच्या रिंगसारखंच आहे, जुनी रिंग ताणलेली आणि कडक झालेली असते. रिंग खाच्यात सपाट बसवा, तिच्यावर काच ठेवा आणि काच दाबायच्या प्रेसने सरळ खाली दाबा. प्रेसचा ठोकळा काचेच्या कडेवर टेकणारा हवा. मध्यावर दाब आला की काच गेली. थोडी तिरकी वाटली तर दाबणं थांबवून पुन्हा सुरुवात करा. हाताने दाबून रिंगची काच बसत नाही, बसली तर माप चुकलेलं आहे.

रिंग नसलेल्या केसला यूव्ही गोंद. खाच्याच्या कडेने केसाएवढी रेघ, वर काच, बाहेर आलेला गोंद लगेच पुसायचा आणि उन्हात ठेवायचं. मेमधलं आपलं ऊन दिव्याचं काम फुकट करतं. इथे फेविक्विक लावायचा मोह होतो, आणि पुष्कळ जण लावतात. त्या गोंदाची वाफ आतल्या पृष्ठभागावर बसते आणि काचेच्या आतल्या बाजूला पांढरी साय धरते. ती पुसायला काच पुन्हा काढावी लागते, आणि फेविक्विकने चिकटवलेली काच सहजासहजी निघत नाही.

मशीन परत घालण्याआधी काचेची आतली बाजू शेवटची बघायची. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. वरून न दिसणारे बोटांचे ठसे आणि कापडाचे धागे तिरप्या उजेडात उठून दिसतात. समाधान झालं की लगेच मशीन ठेवा, दांडी किंचित फिरवत आत सरकवा, टक् आवाज आला की बसली. झाकण लावण्याआधी बटणं दाबून बघा. क्रोनोचा काटा बारावर येऊन थांबत नसेल तर बहुतेक क्वार्ट्झ मशीनमध्ये चावी पूर्ण बाहेर ओढून बटण दाबलं की तो एकेक घर पुढे सरकतो, तसा बारावर आणायचा. झाकणाच्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट पुसतं लावा आणि झाकण बंद करा.

आत ओल राहिली का, हे यंत्राशिवाय तपासता येतं. घड्याळ हाताला सोसेल इतपत गरम जागेवर काही मिनिटं ठेवा आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभराने थेंब पुसला आणि त्या जागी आतून धुक्याचा डाग दिसला, तर आत ओल आहे. झाकण उघडून कोरड्या दिवशी पुन्हा बंद करा. डाग नसला म्हणजे घड्याळ पाण्यात चालेल असं नाही, फक्त आतली हवा कोरडी आहे एवढंच.

2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी इथल्या घरांत पाण्याबरोबर बारीक गाळही आणून सोडला. असा गाळ शिरलेलं घड्याळ उन्हात वाळत घालू नये आणि तांदळाच्या डब्यातही ठेवू नये. गाळ वाळला की तो मशीनच्या चाकांच्या दातांत घट्ट बसतो. ताबडतोब झाकण उघडा, सेल काढा आणि जमेल तितक्या लवकर घड्याळजीकडे न्या. तिथे मात्र काच बदलण्याचं शिक्षण पुरत नाही, मशीनच खोलावं लागतं.

आणि काचेचं माप झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक मार्करने लिहून ठेवा. जुने घड्याळजी तिथेच सुईने तारीख आणि आपली खूण कोरतात. पुढच्या वेळी व्हर्निअर मागायला जावं लागत नाही.