नोंद खोडली तरी रान तिथंच

बीड जिल्ह्यात म्हातारा झालेला संगणक एक तर भंगाराच्या गाड्यावर जातो, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत. शैक्षणिक उठावात गावानं शाळेला पंखे, घड्याळं, पाण्याच्या टाक्या देण्याची रीत जुनी आहे. आता त्या यादीत संगणकही आला आहे, आणि येत्या काळात तो जास्तच दिसेल. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. साधारण २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट असतं, पण ऑनलाइन कामाला ठेवणं धोक्याचं होतं. मग मालक म्हणतो, देऊन टाकू शाळेला.

देणं चांगलंच. प्रश्न इतकाच, की त्या डब्यासोबत आणखी काय काय जातं.

समजा, हा संगणक एखाद्या सेवा केंद्रातला आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली, तेव्हापासून दर हंगामात आधार, सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र स्कॅन होत आलं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला आणि केंद्रांपुढच्या रांगा लांबल्या. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. घाईच्या दिवसांत स्कॅन केलेला कागद अपलोड झाला की मागे कोण बघतं? तो तिथंच राहतो, ‘नवीन फोल्डर’ आणि ‘नवीन फोल्डर दोन’मध्ये. संगणकाचा मालक एक, पण त्यातल्या कागदांचे मालक शेकडो. त्यांतला कुणी कोयता घेऊन कारखान्यावर गेलेला असतो. आपलं पासबुक आठवीच्या वर्गातल्या टेबलावर पोचलंय, हे त्याला कुठून कळणार? दुसऱ्याच्या जमिनीवर परस्पर विमा उतरवल्याच्या तक्रारी या जिल्ह्यानं ऐकल्या आहेत. त्या प्रकरणांचा जुन्या संगणकांशी संबंध होता असं म्हणायचं नाही. कागदांची किंमत मात्र त्यांतून कळते.

‘सगळं डिलीट केलंय, रिसायकल बिनसुद्धा रिकामा केलाय,’ असं देणारा सांगतो, आणि ते खरंही असतं. फक्त डिलीटनं काय होतं, ते बघायला हवं. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावरून सरकणारं टोक चुंबकीय खुणा लिहितं, वाचतं. कोणती फाइल कुठल्या तुकड्यांत आहे, याची नोंदवही डिस्कवरच वेगळी असते. डिलीट केल्यावर त्या वहीतली नोंद रद्द होते आणि ती जागा ‘मोकळी’ ठरते. फाइलच्या खुणांना कुणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून रानातली कपाशी उपटली जात नाही, तसंच हे. यात गाफीलपणा नाही, वेळेची बचत आहे. एक जीबीची फाइल खरोखर पुसायची तर ती लिहायला लागला तेवढाच वेळ पुन्हा द्यावा लागेल. त्या जागेवर नवी फाइल बसेपर्यंत जुनी तिथंच असते, आणि फुकट मिळणारी साधी सॉफ्टवेअरसुद्धा ती शोधून काढतात. झटपट फॉरमॅटही नवी कोरी वही मांडतो, इतकंच.

एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोघा विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात बाजारातून १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांवर क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर चक्क एटीएममधून आलेली होती. ती अमेरिकेतली आणि वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असली, तरी डिलीटची रीत आजही तीच आहे.

आता दुसरी बाजू. पुसायच्या आधी जे हवं ते काढून घ्यायचं असतं, आणि इथं उलटाच अनुभव येतो: नको ते चिकटून बसतं आणि हवं ते हातून निसटतं. संगणक सुरूच होत नसला तरी हताश होऊ नये. बऱ्याचदा वीजपुरवठ्याचा डबा किंवा मदरबोर्ड गेलेला असतो, डिस्क शाबूत असते. ती काढून यूएसबी जोडणीनं दुसऱ्या संगणकाला लावली की पेन ड्राइव्हसारखी उघडते. फार जुनी असेल तर रुंद पट्टीची आयडीई जोडणी असते. तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो, तो मिळतो. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उतरवून घेतात. विसरतात ते डाउनलोड्स, स्कॅनरनं स्वतःच बनवलेलं फोल्डर, टॅलीचा डेटा, आणि ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड.

पण मराठी माणसाचं खरं दुखणं निराळं आहे. पतसंस्थेचे जुने ठराव, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गावाच्या इतिहासाची कुणी आवडीनं टंकलेली पानं, हे सगळं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या योगेश-सुरेख अशा फाँटांत आहे. फाइल नीट कॉपी होते. नव्या संगणकावर उघडली की समोर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. फाइल बिघडलेली नसते. मुळात तिच्यात देवनागरी कधी नव्हतीच. तिच्यात होते ते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, आणि फाँट त्या क्रमांकांच्या जागी मराठी आकार काढून दाखवत होता. फाँट गेला की सोंग उतरलं.

युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो जगात कुठंही ‘क’च राहतो. जुन्या फाँटांत हिशेब आकारांच्या तुकड्यांचा होता. ‘वर्ष’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो व, अर्धा ष, काना आणि शेवटी रफार असा साठवला जातो, कारण डोळ्यांना रफार ‘ष’च्या डोक्यावर दिसतो. युनिकोडमध्ये तोच शब्द व, र, हलन्त, ष असा उच्चाराच्या क्रमानं राहतो. पहिल्या वेलांटीचंही तेच. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. म्हणून एका क्रमांकाच्या जागी दुसरा ठेवून रूपांतर होत नाही. रफार मागे न्यावा लागतो, वेलांटी पुढे ढकलावी लागते, जोडाक्षरं ओळखावी लागतात. त्यात प्रत्येक कंपनीच्या फाँटाचा क्रम वेगळा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरांत ती चुकतात, आणि मुद्रितशोधन माणसालाच करावं लागतं.

अंबाजोगाईत सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दासोपंतांची पासोडी आजही जपलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलेलं. ती वाचायला लिपी आणि डोळे पुरतात. २००३ साली त्याच गावात टंकलेलं पत्रक वाचायला मात्र फाँटाच्या नावाचा शोध घ्यावा लागतो. यात कापड श्रेष्ठ आणि संगणक कनिष्ठ असं काही नाही. कापड जळू शकलं असतं, कसर लागू शकली असती. मुद्दा व्यवहाराचा आहे. दस्तऐवज उतरवताना विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले मराठी फाँटही सोबत घ्या, आणि जुना संगणक चालू असेतोवर महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँटचे आकार सोबत बांधले जातात, त्यामुळे शोध घेता आला नाही तरी वाचता येतं. प्रती दोन हव्यात, दोन वेगळ्या वस्तूंवर. आणि दुसऱ्याच संगणकावर त्या उघडून बघितल्याशिवाय पुसायला बसू नये.

पुसण्याभोवती बऱ्याच दंतकथा आहेत. १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांनी, लिहिलेल्यावर पुन्हा लिहिलं तरी कडेला चुंबकीय अवशेष उरू शकतात, असं मांडून ३५ फेऱ्यांची पद्धत सुचवली. त्या फेऱ्या तेव्हाच्या निरनिराळ्या जातींच्या डिस्कसाठी होत्या. लोकांनी त्याचा मंत्र करून टाकला, अशी तक्रार पुढे गुटमन यांनीच केली. आजच्या चकतीवाल्या डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते. हिशेब करून बघा: ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगानं भरायला ५००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत. ३५ फेऱ्या म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. तेवढी अखंड वीज आपल्याकडे गृहीत धरणाऱ्याला माझा नमस्कार. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये फाइली काढण्यासोबत ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा वेगळा पर्याय असतो, तोच निवडायचा. किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पूर्ण फॉरमॅट करायचा, झटपट नव्हे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. एक्सपीचा लिहीत नव्हता.

एसएसडी असेल तर हे गणित कोसळतं. तिच्यात चकती नाही, विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पेशी आहेत, आणि त्या लिहून लिहून झिजतात. झीज सारखी वाटली जावी म्हणून आतला नियंत्रक तीच फाइल पुन्हा लिहिताना नवीच जागा वापरतो, आणि काही जागा तर संगणकाला दाखवतही नाही. म्हणजे आपण ‘त्याच जागी’ शून्यं लिहितो असं वाटतं, आणि जुना मजकूर बाजूच्या पेशींत सुखरूप असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं. एकेक फाइल पुसण्याच्या पद्धतींनंतर एसएसडीवर ४ ते ७५ टक्के मजकूर उरला. एका ड्राइव्हनं तर ‘पुसलं’ असं कळवलं, आणि आत सगळं जसंच्या तसं. म्हणून एसएसडीसाठी ती बनवणाऱ्या कंपनीचं साधन किंवा बायोसमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा लागतो. पहिल्या दिवसापासून मजकूर कूटबद्ध ठेवला असेल तर किल्ली नष्ट केली की काम झालं. लोहचुंबक फिरवण्याचा एसएसडीवर काहीच परिणाम नाही.

हातोडा हा सोपा मार्ग आहे खरा, पण मग शाळेला रिकामा डबा मिळतो. पुसलेल्या डिस्कवर लिनक्स टाकलं की तेच यंत्र वर्गात आणखी काही वर्षं चालतं. देण्याआधी फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर त्या डिस्कवर चालवून बघावं. कुणाचं आधार कार्ड वर आलं, तर पुसणं झालेलं नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेत पुसल्याच्या दाखल्याचा नमुनाच दिलेला आहे: यंत्राचा अनुक्रमांक, पद्धत, कुणी पुसलं, कुणी तपासलं, तारीख, सही. आपल्या शाळांत डेडस्टॉक रजिस्टर असतंच, आणि दानात आलेल्या वस्तूची नोंद मुख्याध्यापक त्यात करतातच. त्याच ओळीत कुणी पुसलं आणि कुणी तपासलं हे दोन रकाने वाढवायला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.