खोलीच्या किल्लीपासून जहाजाच्या शिडीपर्यंत

इंदूर, वडोदरा अथवा हैदराबाद येथे दोन-तीन पिढ्यांपासून स्थायिक झालेले एखादे मराठी दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून थोडा भाग बाजूला काढून, मुलांच्या आग्रहाखातर, त्यांनी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण केले आहे. केबिन कोणत्या मजल्यावर, खिडकी समुद्राच्या बाजूला की नाही, जेवणात जैन पदार्थ मिळतील काय, याची चौकशी महिनाभर आधीच झाली आहे. आदल्या रात्री मुंबईत हॉटेलात मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सामान टॅक्सीच्या टपावर चढते आणि चालक विचारतो, "काका, बोट म्हणजे गेटवेच ना?" काका क्षणभर घुटमळतात आणि मान डोलावतात. संपूर्ण सहलीतील सर्वांत महागडी चूक होण्याचा संभव या एका होकारात दडलेला असतो.

मुंबईत समुद्रावर जाण्यासाठी निघण्याची ठिकाणे एकाहून अधिक आहेत. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँच गेटवे ऑफ इंडियापाशी लागतात. माझगावच्या बाजूला भाऊचा धक्का आहे. कोकणात आगबोटीने ये-जा केलेल्या पिढीसाठी 'बोट' या शब्दाचा अर्थच भाऊचा धक्का असा होता, आणि मार्च २०२० पासून मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो नौकाही तेथूनच सुटू लागली. मोठी प्रवासी जहाजे मात्र या दोन्ही ठिकाणी लागत नाहीत. ती लागतात बॅलार्ड पिअरला, इंदिरा गोदीच्या अंगाला. गेटवेपासून हे ठिकाण सुमारे दोन किलोमीटर उत्तरेस, तर भाऊच्या धक्क्यापासून साडेतीन-चार किलोमीटर दक्षिणेस येते. नकाशावर ही अंतरे किरकोळ वाटतात. संध्याकाळी शहीद भगतसिंग मार्गावर वाहनांची रांग लागली की ती किरकोळ राहत नाहीत.

म्हणून चालकाला 'क्रूझ', 'बोट', 'बंदर' असे मोघम शब्द न सांगता "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असे सांगणे इष्ट. मुंबई बंदराच्या फाटकांना रंगांची नावे आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. जुने टॅक्सीचालक ही नावे अचूक ओळखतात. क्रूझच्या प्रवाशांना सामान्यतः ग्रीन गेटकडूनच यावे लागत आले आहे. तरीही प्रवासपत्रावर छापलेले प्रवेशद्वार पाहून घ्यावे आणि तेच नाव चालकाला दाखवावे. चुकून ऑरेंज गेटला उतरलेल्या प्रवाशाला पेट्या ओढत बराच पल्ला मागे यावे लागेल, आणि गोदीच्या कुंपणाच्या आतून जाण्याचा जवळचा रस्ता त्याला कोणी देणार नाही.

खरे पाहता, हॉटेल व जहाज यांच्यामधील हा अडचणीचा टप्पा एके काळी मुंबईने फार सुबकपणे सोडविला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) खोदली गेली. तिच्यातून निघालेल्या मातीचा भराव टाकून १९०८ ते १९१४ या काळात सुमारे २२ एकरांची बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिची आखणी जॉर्ज विटेट यांची. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचेच. टॅक्सीचालक ज्या दोन ठिकाणांची गल्लत करतो ती दोन्ही एकाच वास्तुविशारदाच्या हातची असावीत, हा मौजेचा योगायोग. जहाजाच्या धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वेस्थानक होते. विलायतेहून टपाल व प्रवासी घेऊन आगबोट आली की गाडी जवळच सज्ज असे. १९२८ मध्ये सुरू झालेल्या फ्रंटियर मेलची ख्याती या बोटीच्या प्रवाशांशीच जोडलेली होती. प्रवाशाने शिडी उतरावी, थोडे चालावे आणि डब्यात बसावे. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'मुलतान' बोटीने आणि त्यानंतर महात्मा गांधी 'राजपुताना' बोटीने मुंबईच्या याच बंदरातून निघाले. विमाने आली, बोटीचे प्रवासी आटले आणि ते स्थानकही काळाच्या ओघात नाहीसे झाले. राहिला तो शेवटचा दीड किलोमीटर, ज्याची तजवीज आता ज्याची त्याने करावयाची.

फोर्ट, कुलाबा अथवा मरिन ड्राइव्ह परिसरात मुक्काम असेल तर काम सोपे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जनरल पोस्ट ऑफिसच्या कडेने वालचंद हिराचंद मार्ग धरला की तो सरळ बॅलार्ड इस्टेटकडे नेतो. या मार्गाचे नाव सार्थ आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंदांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, आणि तिची 'लॉयल्टी' ही नौका ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. सिंदिया हाउस बॅलार्ड इस्टेटीतच आहे. रिझर्व्ह बँक आणि टांकसाळही येथून हाकेच्या अंतरावर. थोडक्यात, पैसा आणि जहाजे यांचा शेजार येथे जुना आहे.

या अंतरासाठी काळी-पिवळी टॅक्सी पुरेशी होते. १ फेब्रुवारी २०२५ पासून तिचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये ठरविण्यात आले. अडचण भाड्याच्या रकमेची नसून भाडे नाकारले जाण्याची असते. एवढ्या जवळच्या फेरीसाठी, त्यातही चार पेट्या असताना, चालक फारसे उत्सुक नसतात. हॉटेलच्या स्वागतकक्षाला आदल्या रात्रीच सांगून ठेवले तर सकाळची ही यातायात टळते. रिक्षाचा विचार बाहेरगावच्या वाचकांनी मनातून काढून टाकावा; वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मुंबईत रिक्षा चालत नाही.

काळबादेवी, गिरगाव वा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने येणाऱ्यांसाठी कर्नाक पूल महत्त्वाचा. जुना पूल २०२२ मध्ये पाडण्यात आला, आणि त्यानंतर पी. डिमेलो मार्गाकडे जाणारी वाहने अन्य रस्त्यांवर कोंडत असत. १० जुलै २०२५ रोजी नवा पूल 'सिंदूर' या नावाने खुला झाला. जुन्या माहितीवर विसंबून वळसा घालण्याचे आता कारण उरलेले नाही.

खरा प्रश्न उपनगरांतील हॉटेलांचा आहे. विमानाने येणारे प्रवासी साहजिकच अंधेरी-सहारच्या आसपास खोली घेतात. तेथून बंदर पंचवीसेक किलोमीटर दूर. मोटारीने यावयाचे तर दोन वाटा आहेत: एक वांद्रे-वरळी सागरी सेतू व किनारी मार्गाने मरिन ड्राइव्हला उतरून फोर्टातून, दुसरी सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पूर्व मुक्त मार्ग गाठून थेट पी. डिमेलो मार्गावर. दुसरी वाट बंदराच्याच बाजूला उतरते, त्यामुळे फोर्ट ओलांडावा लागत नाही. तिसरा पर्याय ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो दोन्ही विमानतळ टर्मिनलांना स्पर्श करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येते. वर रस्त्यावर काहीही चाललेले असो, भुयारातील वेळ बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. चाकांची एकेक पेटी घेतलेल्या दोघांना ती उत्तम. आजी-आजोबा, लहान मुले आणि सात डाग असलेल्या कुटुंबाने मोटारच करावी. वाशी-बेलापूरच्या बाजूला उतरलेल्यांना हार्बर मार्गाची लोकल त्याच टर्मिनसला आणून सोडते, मात्र रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी पाहून घ्यावा.

वार आणि तारीख यांचेही भान हवे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी टर्मिनसच्या परिसरातील रस्ते दुपारपर्यंत वाहनांना जवळपास बंद असतात. आझाद मैदानावर मोठे आंदोलन असले की टर्मिनसचा चौकच अडतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये तो काही दिवस अडला होता. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ सहसा सुटत नसल्याने तुंबलेल्या पाण्याची चिंता तेवढी कमी.

आता वेळेविषयी. प्रवासपत्रावरील सुटण्याची वेळ ही प्रवाशाची वेळ नव्हे. जहाजावर नोंदणी करण्याची मुदत त्याच्या बरीच आधी संपते, आणि तो आकडा छोट्या अक्षरांत दिलेला असतो. अंतिम प्रवासी-यादी अधिकाऱ्यांकडे द्यावयाची असते. जहाज बाहेर काढण्यासाठी बंदराचा पायलट आणि ओढनौका ठरावीक वेळेला नेमलेल्या असतात. एका कुटुंबासाठी ही साखळी थांबत नाही. रेल्वेगाडी चुकली तर मागून दुसरी असते. क्रूझ चुकली तर बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार न आलेल्या प्रवाशाला परतावा मिळत नाही, आणि पुढील बंदरावर चढू देणे हे सर्वस्वी कंपनीच्या अनुमतीवर अवलंबून असते. समजा, दोघांचे मिळून ६०,००० रुपये भरले आहेत. फोर्टातील हॉटेल उपनगरातील हॉटेलाहून २,००० रुपयांनी महाग पडले तरी ती रक्कम खर्च न मानता ६०,००० रुपयांच्या रक्षणाचा हप्ता मानावी. प्रवासविमा घेतला असल्यास जहाज चुकणे त्यात समाविष्ट आहे का, आणि वाहतूक कोंडी हे कारण मान्य होते का, हे कलम निघण्यापूर्वी वाचावे. बंद फाटकासमोर उभे राहून ते वाचण्यात अर्थ नसतो.

फाटकाशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान प्रवासपत्र आणि ओळखपत्र पाहतात. ओळखपत्र मूळ असावे आणि ते हातातील पिशवीत असावे, पेटीच्या तळाशी नव्हे. नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल प्रशस्त आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ४,१५,००० चौरस फुटांची ही वास्तू वर्षाला १० लाख प्रवाशांसाठी आखलेली असून नोंदणी व इमिग्रेशनसाठी ७२ खिडक्या आहेत. मोठ्या पेट्या येथेच ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनपाशी पोहोचेपर्यंत काही तास जातात. रक्तदाबाची गोळी, चष्मा, चार्जर, मुलांचा खाऊ आणि थोडी रोकड जवळ बाळगावी. जहाजावरील अवांतर खर्च बहुधा कार्डाशी जोडलेला असतो. परदेशी बंदरांना जाणाऱ्या प्रवाशांनी कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सुविधा घरूनच सुरू करून निघावे.

परतीच्या दिवशी क्रम उलटा होतो. जहाज बव्हंशी सकाळी लागते, शेकडो प्रवासी एकदमच बाहेर पडतात आणि ग्रीन गेटबाहेर टॅक्सीसाठी गर्दी उसळते. ज्यांच्याकडे चाकांची पेटी आहे आणि गुडघे धड आहेत त्यांनी वालचंद हिराचंद मार्गाने पायी निघावे. सकाळच्या वेळी बॅलार्ड इस्टेट शांत असते, दुतर्फा झाडांची सावली असते, आणि पंधरा-वीस मिनिटांत जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट दिसू लागतो.