चांदण्या रात्री शिंगटी गळास लागते काय?

पनवेलच्या खाडीकाठी रात्री गळ टाकून बसणाऱ्या लोकांत एक वाद फार जुना आहे. कोणी म्हणतात, टिपूर चांदणे पडले की शिंगटी तळाशी दडून बसते व आमिषास तोंड लावीत नाही. सबब काळोखी रात्र बरी. दुसरे म्हणतात, पौर्णिमेच्या सुमारास मासा अधिक हिंडतो; तेव्हाच गळ टाकावा. दोन्ही पक्षांस आपापला अनुभव आहे आणि दोहोंपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मग दोन खरे अनुभव परस्परांविरुद्ध का जावेत? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. आगरी-कोळी घरातील कर्ता मनुष्य रात्रभर चिखलात उभा राहतो, तेव्हा त्याची झोप व दुसऱ्या दिवशीचे घरचे कालवण ही दोन्ही पणास लागलेली असतात. म्हणून या वादाचा शास्त्रीय दृष्टीने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हा मासा कसा आहे ते पाहू. खाडीतील शिंगटी व शिंगाळा आणि तळ्यातील मागूर ही सारी एकाच मोठ्या गणातील मंडळी. यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती लांब मिशा असतात. या मिशांवरून इंग्रजांनी या गणास मांजराचे नाव दिले. परंतु मांजराच्या मिशा केवळ स्पर्श जाणतात. या माशाच्या मिशा चवही जाणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हेरिक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखविले की, या गणातील माशाच्या मिशांस किंवा अंगाच्या त्वचेस खाद्याचा स्पर्श झाला तरी तो वळून ते पकडतो. म्हणजे आपली जीभ जे काम तोंडात करते, ते काम या माशाचे अवघे अंग करीत असते.

याखेरीज माशांच्या दोन्ही बाजूंस पाण्याची सूक्ष्म हालचाल जाणणारी इंद्रियांची एक ओळ असते. युरोपातील अशाच एका मोठ्या मिशाळ माशावर झालेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. संपूर्ण काळोखात, मानवी डोळ्यास न दिसणाऱ्या किरणांच्या साहाय्याने चित्रे घेऊन, संशोधकांनी त्याची शिकार पाहिली. लहान मासा ज्या वाटेने काही सेकंदांपूर्वी पोहत गेला होता, त्याच वाटेने हा शिकारी मागोमाग गेला व त्याने त्यास गाठले. पाण्यात उरलेली हालचाल हाच त्याचा माग होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात, जपानच्या समुद्रातील एक मिशाळ मासा चिखलात दडलेल्या किड्याच्या श्वासाने पाण्याच्या आम्लतेत पडणारा अल्पसा फरकही ओळखतो, असे दिसून आले. हे मासे आमच्या खाडीतील नव्हेत; तथापि गण एकच असल्यामुळे आमच्या शिंगटीची राहणी समजण्यास त्यांचा उपयोग होतो. ज्या माशास काळोखात इतके कळते, त्याच्या जेवणास चांदण्याची गरज नाही हे उघड आहे.

आता चांदणे म्हणजे किती उजेड, ते पाहू. सूर्याचा प्रकाश पूर्णचंद्राच्या प्रकाशाच्या सुमारे ४ लक्ष पट असतो. शिवाय अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा उजेडही पौर्णिमेच्या निम्मा असेल अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः तो सुमारे दहावा हिस्साच असतो. तेव्हा खरे टिपूर चांदणे महिन्यातून थोड्याच रात्री मिळते. त्यातही गाढी नदीचे पाणी व भरतीचा गाळ यांमुळे पनवेलची खाडी बहुतेक गढूळ असते. भर दुपारी ज्या पाण्यात हातभर खाली बुडविलेली काठी दिसत नाही, त्या पाण्याच्या तळाशी चांदणे कितीसे पोहोचणार?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग वाडवडिलांचे बोलणे निव्वळ भ्रम ठरले. तसे मात्र नाही. चंद्र खाडीवर एक नव्हे, दोन गोष्टी करतो. तो उजेड देतो आणि तो पाणी ओढतो. उजेड डोळ्यांस दिसतो म्हणून त्याचेच नाव होते. ओढ दिसत नाही, परंतु खाडीत तिचाच अंमल मोठा आहे.

अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, त्यामुळे त्या दिवशी व त्यानंतर एक-दोन दिवस उधाणाची भरती येते. दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास ती आकर्षणे एकमेकांस काटकोनात असतात व भांगाची भरती येते. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर सरासरी सुमारे साडेतीन मीटर असते, तर भांगाच्या वेळी ते सुमारे दीड मीटर उरते. भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास स्थूलमानाने मिळतो. चतुर्थीस ३, अष्टमीस ६, द्वादशीस ९. पनवेलपर्यंत पाणी चढावयास मुंबईहून थोडा अधिक वेळ लागतो, तेवढा त्यात मिळवावा.

उधाणाचे पाणी तिवरांच्या मुळांत व खाजणाच्या चिखलावर दूरवर चढते. तेथील कोळंबी, किडे व चिंबोऱ्यांची पिले ही शिंगटीची शिदोरी होय. पाणी चढू लागले की मासा त्याबरोबर आत शिरतो व ओहोटी लागली की बाहेर पडतो. वाहत्या पाण्याबरोबर आमिषाचा वासही दूर जातो. भांगाच्या दिवसांत पाणी मंद, वास जवळच्या जवळ आणि चिखलाचा पुष्कळसा भाग कोरडाच. तेव्हा 'पौर्णिमेस मासा हिंडतो' असे म्हणणाऱ्याने पाहिले ते खरेच पाहिले. मात्र त्याचे श्रेय त्याने चांदण्यास दिले आणि ते देणे होते भरतीचे.

मग 'चांदण्यात मासा लागत नाही' असे म्हणणारा चुकला काय? त्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश आहे. शिंगटी डोळ्यांवर विसंबत नसली, तरी तिचे भक्ष्य असलेले लहान जीव उजेडास भितात. आफ्रिकेत मोझांबिक देशात काहोरा बासा नावाचा मोठा जलाशय आहे. तेथे ग्लिविच या पोलिश शास्त्रज्ञास आढळले की, पौर्णिमेनंतरच्या रात्री चंद्र उगवण्यापूर्वीच्या काळोखात पाण्यातील सूक्ष्म जीव वर येतात आणि चंद्र एकाएकी उगवला म्हणजे डोळ्यांनी शिकार करणारे लहान मासे त्यांचा फडशा पाडतात. हे संशोधन १९८६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चंद्रप्रकाशाने भक्ष्याच्या जागा बदलतात व त्यामागोमाग शिकाऱ्याच्याही बदलू शकतात. तसेच पाण्यावर पडणारी माणसाची सावली आणि पाग फेकताना होणारी हालचाल उथळ, निवळ पाण्यात चांदण्याने अधिक दिसते. पावसाळा संपून पाणी निवळले म्हणजे हा फरक अधिक जाणवावा. गढूळ पाण्यात तो जवळजवळ उरू नये.

उजेड आणि ओढ एकाच चंद्राची. मग त्यांस वेगळे करून पाहावे कसे? प्रयोगशाळेत दिवा लावता येतो व विझविता येतो. चंद्र विझविता येत नाही. परंतु विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग निसर्गाने पंचांगात आधीच मांडून ठेविला आहे. अमावास्या व पौर्णिमा या दोन्ही रात्री उधाणाच्या आणि दोन्हींत भरती मध्यरात्रीच्या सुमारास. फरक केवळ उजेडाचा. दोन्हींत सारखीच शिंगटी मिळाली तर उजेडाचे महत्त्व नाही असे समजावे. अमावास्येस सातत्याने अधिक मिळाली तर आहे असे समजावे. तसेच शुद्ध व वद्य अष्टमी. दोन्ही भांगाच्या, दोन्हींत संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती व नंतर ओहोटी. परंतु शुद्ध अष्टमीस मध्यरात्रीपर्यंत चंद्र असतो, तर वद्य अष्टमीस तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. रात्री आठ ते दहा या वेळेत दोन्ही दिवशी गळ टाकला तर पाणी सारखे, उजेड निराळा. आषाढातील पौर्णिमा ढगांनी झाकलेली असली म्हणजे उधाण पुरे असते आणि चांदणे नसते. ती तिसरी कसोटी. आणि पनवेलच्या पूर्वेस गाढीवर बांधलेल्या देहरंग धरणाच्या जलाशयात किंवा गावतळ्यात भरती-ओहोटी मुळीच नाही. तेथे चंद्र फक्त उजेडच देऊ शकतो. ज्याच्या हाती अशी चार परिमाणे आहेत त्याने नुसते वाद घालीत का बसावे?

मात्र एका रात्रीच्या जोडीवरून निकाल देऊ नये. पृथ्वीपासून चंद्राचे अंतर सदा सारखे नसते, म्हणून दोन उधाणेही तंतोतंत सारखी नसतात. वारा, पाऊस व पाण्याचा रंग बदलतो. तेव्हा वहीत तिथी, भरतीची वेळ, आभाळाची स्थिती, पाणी गढूळ की निवळ, आमिष कोणते, किती तास बसले आणि किती मासे मिळाले हे सारे लिहावे. ज्या रात्री काहीच मिळाले नाही ती रात्रही अवश्य लिहावी. लोकसमजुती बहुधा येथेच फसतात. भरलेली टोपली सर्वांच्या लक्षात राहते, रिकामी टोपली कोणी मोजीत नाही.

आजच्या काळात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कामोठे, कळंबोली, खारघर या वसाहतींच्या व महामार्गांच्या दिव्यांमुळे खाडीवरचा काळोख पूर्वीसारखा राहिला नाही. ढगाळ रात्री दिव्यांचा उजेड ढगांवरून परतून पाण्यावर पडतो. त्यामुळे आजोबांनी जी अमावास्या पाहिली ती नातवास पाहावयास मिळतेच असे नाही, आणि आजोबांचा अनुभव आज न जुळल्यास तो खोटा होता असेही ठरत नाही.

आमचे मत विचाराल तर ते असे : शिंगटीसाठी रात्र निवडताना प्रथम भरती पाहावी, मग पाण्याचा रंग पाहावा आणि चांदण्याचा विचार शेवटी करावा. उधाणाच्या रात्री पाणी समोरून येण्यापूर्वीच पाठीमागचे ओहोळ भरतात, म्हणून परतीची वाट आधी ठरवून ठेवावी आणि मुलांनी वडील माणसांवाचून खाजणात मुळीच उतरू नये. शिंगटीच्या पाठीवरचा व दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. काळोखात तिला हाताने चाचपू नये.

पालकांस एवढीच विनंती की, मुलाने वही पुढे करून 'आजची तिथी कोणती, पाणी केव्हा चढेल' असे विचारले तर त्यास 'तुला काय करावयाचे आहे' असे म्हणू नये. खाडीचे जे ज्ञान आपण वडिलांच्या तोंडून ऐकले, ते कागदावर उतरण्याची व कसोटीस लागण्याची हीच वेळ आहे. त्यातील जे खरे असेल ते अधिक पक्के होईल आणि जे तसे नसेल त्यापायी कोणाची रात्र फुकट जाणार नाही.