चारी दिशांना खिडक्या

फिनलंडच्या आखातात, पोर्वो शहराजवळ, पेलिंगे नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्याच्या अगदी बाहेरच्या कडेला क्लूवहारुन. जेमतेम दीड एकराचा उघडा खडक आणि पुढे नुसता समुद्र. मूमिनच्या गोष्टी लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या तूवे यान्सन यांनी आपल्या सहचरी, ग्राफिक चित्रकार तूलिक्की पिएतिला यांच्यासह १९६५मध्ये इथं उन्हाळी घर पुरं केलं.

आराखडा तूलिक्कींचा भाऊ रेइमा आणि त्याची पत्नी राइली यांचा. नव्या दिल्लीतला फिनलंडचा दूतावासही याच वास्तुविशारद दांपत्याचा. दूतावासाची छपरं लाटांसारखी पसरलेली. इथं मात्र त्यांनी एकच खोली आखली. वाऱ्याला तोंड देणाऱ्या खडकावर याहून जास्त काही मांडणं उद्धटपणाचं झालं असतं, असं मला वाटतं.

बांधकामाची सूत्रं ब्रुनस्ट्रोम या तिथल्याच दर्यावर्दी माणसाकडे होती. घराच्या जागी प्रचंड धोंडा होता, तो सुरुंग लावून फोडला आणि खाली तळघर केलं. परवानगीच्या कागदाची वाट पाहत बसू नका, असा ब्रुनस्ट्रोमचा सल्ला. छपराचे वासे चढले की घर पाडता येत नाही, हा त्याचा कायद्याचा हिशेब! लाकूड, खिळे, सिमेंट, सगळं होडीनं आणायचं आणि लाटांचा रोख बघून उतरवायचं.

खोलीच्या चारही भिंतींना खिडक्या आहेत. वादळ कुठल्याही बाजूनं येवो, टेबलापाशी बसल्या बसल्या दिसतं. नळ नव्हता, विजेची तार नव्हती. बांधकाम चालू असताना दोघी तंबूत झोपत. घर झाल्यावरही त्यांनी तंबू सोडला नाही. खोली कामाला आणि पाहुण्यांना. घराचा मोठेपणा मला इथंच दिसतो: बाहेर राहण्याची ओढ त्यानं जराही कमी केली नाही.

जवळजवळ तीस उन्हाळे असे गेले. पुढे वयानं जाळी ओढवेनात आणि तूवेंना चक्क समुद्राचीच भीती वाटू लागली. आयुष्यभर ज्याच्यावर जीव लावला, त्याचं भय वाटणं हा त्यांना विश्वासघात वाटला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बेट सोडलं आणि घर पेलिंगेच्या स्थानिक संस्थेच्या हवाली केलं. १९९६मध्ये बेटाच्या आठवणींचं पुस्तक आलं: मजकूर तूवेंचा, चित्रं तूलिक्कींची, आणि सोबत ब्रुनस्ट्रोमच्या रोजनिशीतल्या बांधकामाच्या नोंदी. घर बांधणाऱ्याला पुस्तकात असं मानाचं पान क्वचितच मिळतं.