‘आय-फाइव्ह’ ऐकून भुलू नका! कमी बजेटमध्ये कॉम्प्युटर जोडताना प्रोसेसर-मदरबोर्डची जोडी अशी निवडा

नारायणगाव : टोमॅटो-कांद्याचे चार पैसे हातात आले की जुन्नर-आंबेगावातल्या अनेक घरांत पोरांच्या कॉम्प्युटरचा विषय निघतो. कुणाला एमएस-सीआयटी करायचंय, कुणाला टॅली शिकायचंय, तर कुणाला गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचंय. मग "आय-फाइव्ह आहे, एकदम स्वस्तात" असं ऐकलं की माणूस लगेच पैसे मोजतो. फसगत होते ती इथेच.

आय-फाइव्ह, पण कितवा?

आय-थ्री, आय-फाइव्ह हे नुसतं नाव झालं. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात असते. आय-फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय-थ्री १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. नाव लहान असलं तरी हा आय-थ्री त्या जुन्या आय-फाइव्हपेक्षा कितीतरी वेगवान आहे.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्यामुळे 'एच ६१' मदरबोर्डवर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवून 'नवा कॉम्प्युटर' म्हणून कोणी देत असेल, तर बोर्ड नवाकोरा दिसला तरी आतलं तंत्र जुनंच आहे. बँकेचे, आधारचे व्यवहार करणाऱ्यांनी त्यापासून लांबच राहावं.

जोडी जमली पाहिजे

विहिरीवरच्या मोटरला तिच्या एचपीचाच स्टार्टर लागतो, तसंच इथंही आहे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्याला सॉकेट म्हणतात. दोन्हीचं सॉकेट एकच हवं, नाहीतर प्रोसेसर बसणारच नाही.

कमी बजेटसाठी दोन सरळ जोड्या आहेत :

• इंटेल : आय-थ्री १२१०० आणि एच ६१० मदरबोर्ड. सॉकेट एलजीए १७००. पुढे तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसरही याच बोर्डवर चालतो. फक्त बायोस अपडेट करावं लागू शकतं.

• एएमडी : रायझन ५ ५६००जी आणि ए५२० किंवा बी५५० मदरबोर्ड. सॉकेट एएम-४. सहा कोअर असल्याने व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला ही जोडी बरी.

घरचा अभ्यास, हिशेब, फॉर्म भरणे एवढंच काम असेल तर आय-थ्री पुरेसा आहे. उरलेले पैसे १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर घाला. महागडा प्रोसेसर घेऊन हार्ड डिस्क जुनीच ठेवली, तर कॉम्प्युटर सुरू व्हायलाच वेळ खातो.

एका अक्षराची किंमत

इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. रायझन ५ ५६०० आणि ५५०० चंही तसंच. ५६००जी मधल्या 'जी'चा अर्थ ग्राफिक्स आतच आहे.

रॅमचंही बघा. एच ६१० बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन प्रकारांत येतो. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

पैसे देण्याआधी

१. प्रोसेसर आणि मदरबोर्डचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या. नुसतं 'आय-फाइव्ह कॉम्प्युटर' असं बिल घेऊ नका.

२. जीएसटी बिलाशिवाय घेऊ नका. सीलबंद प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. बिल नसेल तर ती मागताना अडचण येते.

३. दुकानातच कॉम्प्युटर सुरू करा. 'टास्क मॅनेजर'मध्ये 'परफॉर्मन्स'वर गेलं की प्रोसेसरचं खरं नाव दिसतं. ते बिलाशी जुळवा.

४. आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि व्होल्टेज कधी वर-खाली होईल, याचा नेम नाही. म्हणून चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, यूपीएस आणि घरात नीट अर्थिंग हवं. इथं वाचवलेले हजार-दोन हजार पुढे अख्खा मदरबोर्ड घालवू शकतात.

बैल घेताना दात बघतात, तसा कॉम्प्युटर घेताना नंबर बघा.